स्मार्ट लाइट ऐनवेळी ऐकत नाहीत? रीसेट मारण्याआधी या क्रमाने तपासा

स्मार्ट बल्ब ऐकेनासा झाला की बहुतेक लोक सगळ्यात आधी काय करतात तर रीसेट. ॲपमधून डिव्हाइस उडवायचं, बल्ब भराभर चालू-बंद करून लुकलुकायला लावायचा आणि परत जोडायचा. बल्ब जोडला जातो, त्या दिवशी चालतोही, पण त्याच्यावर लावलेले टायमर, ग्रुप, सीन (एका दाबात लागणारी ठरवून ठेवलेली मांडणी) सगळे तुटलेले असतात आणि मूळ बिघाड होता तिथेच असतो, म्हणून चार दिवसांनी परत तेच, आणि मग "हे स्मार्ट वगैरे सगळं थोतांड आहे" म्हणत साधा बल्ब लावला जातो. खरं तर बिघाड बहुतेक वेळा बल्बमध्ये नसतोच. तो बोर्डवरच्या बटणात असतो, राउटरमध्ये असतो, नाहीतर आपणच ॲपमध्ये लिहिलेल्या नियमात असतो.

म्हणून क्रम पाळा: करंट, नेटवर्क, घड्याळ, नियम, सेन्सर, आवाज. आणि रीसेट सगळ्यात शेवटी. हाच क्रम का, तर आधीची पायरी कच्ची असेल तर पुढची तपासून काहीच कळत नाही, बल्बला करंटच नसेल तर ॲलेक्साला शिव्या घालून काय होणार.

खालचं सगळं वायफायचे बल्ब, झिगबीचे बल्ब (हे वायफायऐवजी झिगबी नावाच्या वेगळ्या रेडिओने, हब नावाच्या मधल्या डबीमार्फत बोलतात) आणि बोर्डच्या मागे बसतात ते स्विच मॉड्यूल, तिन्हींना लागू आहे. जिथे फरक पडतो तिथे वेगळं सांगितलंय.

## तयारी: हात लावण्याआधी एवढं लिहून काढा

एक कागद घ्या. फोनमध्ये नोट केलीत तरी चालेल, पण लिहाच. ज्या लाइटचा त्रास आहे तिचं ॲपमधलं नाव, ती कुठल्या बोर्डवर आहे, तो बोर्ड इन्व्हर्टरवर आहे का, ती कोणकोणत्या ॲपमध्ये जोडलेली आहे आणि तिच्यावर कुठले कुठले नियम लावलेत. शेवटच्या दोन गोष्टी लिहितानाच अर्ध्या लोकांना उत्तर सापडतं, कारण मागच्या दिवाळीत लावलेला एखादा टायमर अजून चालूच असतो.

मग तक्रार नीट लिहा. "लाइट बरोबर चालत नाही" ही तक्रार नाही. "सात वाजता लागायला हवी होती, लागली नाही, साडेसातला ॲपमधून लावली तर लगेच लागली" ही तक्रार. साधारण चार प्रकार असतात: लागतच नाही, उशिरा लागते, लागून विझते, किंवा कोणी न सांगता आपोआप लागते. चौघांची कारणं वेगळी आहेत, त्यामुळे नेमका प्रकार कुठला हे आधी ठरवा.

हाताशी काय ठेवायचं तर एक साधा चालू एलईडी बल्ब, राउटरचं लॉगिन, आणि घरात कोणीतरी एक माणूस जो "लागली का? लागली का?" ला उत्तर देईल.

सावधान: ॲपमध्ये फर्मवेअर (डिव्हाइसच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेटचा लाल ठिपका दिसत असेल तर तपासणीच्या मधेच अपडेट मारू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने दुरुस्त झालं ते कळणार नाही आणि पुढच्या वेळी परत पहिल्यापासून सुरू.

## पायरी १: एका मिनिटात बिघाड कुठल्या बाजूला आहे ते ठरवा

ॲप उघडा, ज्या कंपनीचा बल्ब आहे तिचंच, ॲलेक्सा किंवा गुगल होम नाही. तिथून लाइट हाताने चालू-बंद करा.

ॲपमध्ये ऑफलाइन किंवा करडं दिसतंय, तर पायरी २ आणि ३. ॲपमध्ये "चालू" दिसतंय पण खोलीत अंधार, तर पायरी २. ॲपमधून लगेच लागते पण ठरलेल्या वेळी लागत नाही, तर करंट आणि नेटवर्क ठीक आहे, थेट पायरी ४ आणि ५. ॲप आणि नियम दोन्ही चालतात, फक्त बोललेलं ऐकत नाही, तर पायरी ७.

आता हेच दोनदा करा, एकदा फोन घरच्या वायफायवर असताना आणि एकदा वायफाय बंद करून मोबाइल डेटावर. डेटावरून चालतं आणि घरच्या वायफायवरून अडखळतं असं असेल तर बल्ब निर्दोष आहे, फोन आणि राउटरचं काहीतरी बिनसलंय. फोनवर व्हीपीएन चालू असेल तर आधी ते बंद करून बघा. आयफोन असेल तर सेटिंगमध्ये त्या ॲपला लोकल नेटवर्कची परवानगी दिलीय का तेही बघा, पहिल्यांदा विचारलं तेव्हा "नको" दाबलेलं असतं आणि मग लक्षातही राहत नाही.

## पायरी २: करंट

सगळ्यात कॉमन बिघाड: कोणीतरी भिंतीवरचं बटण बंद केलंय. हसू नका, खरंच हाच. आई झोपायला जाताना सगळी बटणं बंद करणार, तिची चाळीस वर्षांची सवय आहे आणि तिचं काही चुकत नाहीये. स्मार्ट बल्बला सतत करंट लागतो, बटण बंद केलं की तो मेला, मग ॲपमधून कितीही दाबा.

बटणावर "बंद करू नये" असं स्टिकर लावणं हा तात्पुरता उपाय आहे, पाहुणे आले की संपला. माझं स्पष्ट मत असं की जी लाइट घरातले सगळे भिंतीवरून लावतात, म्हणजे हॉल, स्वयंपाकघर, बाथरूम, तिथे स्मार्ट बल्ब घेऊच नये, साधा बल्ब किंवा बॅटन ठेवून बोर्डच्या मागे स्विच मॉड्यूल बसवावं, म्हणजे बटणही चालतं आणि ऑटोमेशनही चालतं. स्मार्ट बल्ब टेबल लॅम्प, कोपऱ्यातला दिवा, रंग बदलायची हौस असेल तिथे. एवढा एक निर्णय बरोबर घेतला तरी निम्म्या तक्रारी बंद होतात.

झिगबीवाल्यांना इथे जास्त जपायला पाहिजे. झिगबीचे करंटवर चालणारे बल्ब आणि प्लग पुढच्या डिव्हाइसचा सिग्नल पोहोचवायचं काम करतात. पॅसेजमधला बल्ब भिंतीवरून बंद केला तर त्याच्या पलीकडच्या बेडरूममधला सेन्सरही ऑफलाइन जाऊ शकतो, आणि तुम्ही बिचाऱ्या सेन्सरची बॅटरी बदलत बसता.

दुसरं कारण वीज जाण्या-येण्याचं. बऱ्याच बल्बमध्ये रीसेटची पद्धतच अशी आहे की तीन किंवा पाच वेळा पटापट चालू-बंद केलं की तो जोडणीच्या मोडमध्ये जातो आणि लुकलुकायला लागतो. आता पावसाळ्यात वीज जाते, दोन सेकंदांत येते, परत जाते, परत येते, बल्बला वाटतं कोणीतरी मुद्दाम रीसेट करतंय. वादळ झालं आणि सकाळी घरातले दोन-तीन बल्ब लुकलुकताना दिसले तर कारण हेच, बल्ब खराब नाहीत. थेट पायरी ८ ला जा. हे सारखं होत असेल तर ते बल्ब इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, किंवा स्विच मॉड्यूलवर जा.

तिसरं, वीज परत आली की रात्री तीनला घरातल्या सगळ्या लाइट भक्क करून लागतात. हा बिघाड नाही, सेटिंग आहे. ॲपमध्ये त्या डिव्हाइसच्या सेटिंगमध्ये पॉवर-ऑन स्टेट किंवा तशा नावाचा पर्याय असतो: नेहमी चालू, नेहमी बंद, किंवा आधी होती तशी. बेडरूमला "आधी होती तशी" ठेवा. अगदी स्वस्त बल्बमध्ये हा पर्याय नसतो, घेतानाच बघून घ्या.

चौथं, बंद केल्यावरही एलईडी मंद जळत राहते किंवा फडफडते. हे बहुतेक न्यूट्रल (करंट परत जायची वायर) नसलेल्या बोर्डवर होतं. ज्या बोर्डवर थ्री-पिन सॉकेट आहे तिथे न्यूट्रल असतेच, पण जिन्यातल्या किंवा पलंगाशेजारच्या नुसत्या बटणांच्या बोर्डवर पुष्कळदा फक्त फेज आणि दिव्याकडे जाणारी वायर असते. बिन-न्यूट्रलचं मॉड्यूल स्वतः जिवंत राहायला दिव्यातूनच थोडासा करंट खेचतं, आणि आजकालचे कमी वॅटचे एलईडी तेवढ्यावरही मिणमिणतात. उपाय म्हणजे मॉड्यूलसोबत येणारा कपॅसिटर दिव्याला समांतर लावणं, नाहीतर इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल ओढून घेणं.

न्यूट्रल ओढताना एक चूक हमखास होते. जवळ दिसली ती न्यूट्रल घेतली जाते, मग ती दुसऱ्या सर्किटची का असेना. फेज एका सर्किटची आणि न्यूट्रल दुसऱ्याची झाली की आरसीसीबी (करंट गळती झाली की वीज तोडणारा स्विच) उडायला लागतो, इन्व्हर्टर असलेल्या घरात तर भानगड आणखी वाढते. इलेक्ट्रिशियनला आधीच सांगा, त्याच सर्किटची न्यूट्रल पाहिजे.

सावधान: बोर्ड उघडण्याआधी मेन एमसीबी बंद करणं पुरेसं नाही. मेन बंद केल्याबरोबर इन्व्हर्टर आपलं काम सुरू करतो आणि त्याच बोर्डवर करंट देतो. इन्व्हर्टरही बंद करा, मग टेस्टर लावून बघा. वायरिंगचं काम इलेक्ट्रिशियननेच करायचं, व्हिडिओ बघून स्वतः नाही.

आणि हो, स्मार्ट बल्ब डिमरच्या किंवा रेग्युलेटरच्या बटणावर लावलेला असेल तर काढा. भिंतीवरचा डिमर करंट कापून देतो आणि बल्बच्या आतल्या सर्किटला तो चालत नाही, गुणगुणतो, फडफडतो, सारखा ऑफलाइन जातो. जुन्या पद्धतीच्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवरही काही बल्ब असंच करतात, वीज असताना शहाणे आणि वीज गेली की फडफड, तर समजून घ्या.

तपासा: स्मार्ट बल्ब काढून तिथे साधा एलईडी लावा. साधाही फडफडत असेल तर दोष होल्डरचा किंवा वायरिंगचा. साधा नीट चालतोय तर पुढे चला.

## पायरी ३: नेटवर्क

बहुतेक वायफाय बल्ब फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटरवर २.४ आणि ५ हे दोन्ही बँड एकाच नावाने असतील तर फोन ५ गिगाहर्ट्झवर असतो आणि जोडणी करताना बल्बला तो सापडत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन २.४ ला वेगळं नाव द्या, निदान जोडणीपुरतं तरी ५ बंद करा. सिक्युरिटी फक्त डब्ल्यूपीए३ वर ठेवली असेल तर जुने बल्ब जोडलेच जात नाहीत, डब्ल्यूपीए२ किंवा दोन्हींचा मिक्स मोड ठेवा.

बल्ब गेस्ट नेटवर्कवर टाकायची कल्पना सुरक्षेच्या दृष्टीने चांगली आहे, पण गेस्ट नेटवर्कवर डिव्हाइस एकमेकांना दिसू नयेत अशी सोय असते, त्यामुळे फोन किंवा हब बल्बशी थेट बोलू शकत नाही आणि मग सगळं क्लाउडमार्गे, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरून, उशिराने. मॅटरवाली उपकरणं (वेगवेगळ्या कंपन्यांच्या सामाईक पद्धतीवर चालणारी) असतील तर राउटरवर आयपीव्ही६ (नेटवर्कवर पत्ते द्यायची नवी पद्धत) बंद करून ठेवलेलं नाही ना तेही बघा.

आता नवीन कनेक्शन घेतल्यावर काय होतं ते. फायबरवाला बदलला, नवीन राउटर आला, त्याने स्वतःच्या मनाने नाव आणि पासवर्ड टाकला, आणि घरातले सगळे बल्ब एकदम ऑफलाइन. लोक एकेक बल्ब रीसेट करत बसतात. काही गरज नाही! नव्या राउटरच्या २.४ बँडला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, अक्षरं लहान-मोठी जशी होती तशीच, आणि सिक्युरिटीचा प्रकारही तोच. बल्ब आपोआप परत जोडले जातात, ॲपला हात न लावता.

कनेक्शनसोबत फुकट मिळणारे राउटर खूप डिव्हाइस झाले की हात वर करतात. फोन, टीव्ही, कॅमेरे, बल्ब, प्लग धरून वीस-पंचवीसच्या पुढे गेलात आणि रोज वेगवेगळा बल्ब ऑफलाइन जातोय, एकच बल्ब नाही, तर राउटरवर संशय घ्या. एकच बल्ब जातोय तर अंतर आणि भिंती बघा. आरसीसीच्या भिंती, लोखंडी कपाट, बाथरूममधला आरसा हे सगळे सिग्नल खातात.

झिगबीचं वेगळं. तोही २.४ गिगाहर्ट्झवरच बोलतो, त्यामुळे वायफायशी टक्कर होते. वायफायचा चॅनल ऑटोवर सोडू नका, १, ६ किंवा ११ पैकी एक पक्का करा. वायफाय १ वर असेल तर झिगबी २० किंवा २५ वर ठेवा, वायफाय ११ वर असेल तर झिगबी १५ वर. पण चालू नेटवर्कचा झिगबी चॅनल बदलला की काही डिव्हाइस परत जोडावी लागतात, म्हणून शक्यतो आधी वायफायचा बदला. हब राउटरच्या डोक्यावर ठेवू नका, निदान एक-दोन मीटर लांब. आणि होम असिस्टंटला (घरातल्याच छोट्या कंप्युटरवर चालणारं ऑटोमेशनचं सॉफ्टवेअर) झिगबीचा यूएसबी डोंगल लावला असेल तर तो यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये थेट खुपसू नका, त्या पोर्टमधून २.४ मध्येच गोंगाट निघतो. एक साधी एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल लांब न्या, नुसत्या केबलने अर्धं नेटवर्क सुधारल्याचं दिसेल.

तपासा: राउटर आणि हब कशावर चालतात? बल्ब इन्व्हर्टरवर आणि राउटर मात्र नाही असं असेल तर वीज गेल्यावर लाइट जळते पण ऐकत नाही. राउटरला इन्व्हर्टरची लाइन द्या किंवा छोटा राउटर यूपीएस लावा. हबलाही तेच.

## पायरी ४: घड्याळ आणि जागा

ही छोटी पायरी आहे, पण लोक ती गाळतात आणि तासन्तास नियम बदलत बसतात.

लाइट रोज चुकीच्या वेळी लागते पण चूक रोज सारखीच, तर घड्याळ बघा. सात वाजताची लाइट रात्री साडेबाराला लागतेय? बरोबर साडेपाच तासांचा फरक आहे, म्हणजे टाइमझोन भारताचा नाहीये, यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, राहिलाय. होम असिस्टंट नव्याने टाकलं की हे होतं, आणि परदेशातून आणलेल्या हबवरही.

सूर्यास्ताला लावलेल्या लाइट चुकत असतील तर ॲपमधली घराची जागा बघा. अकाउंट मुंबईत उघडलं, घर नागपूरला, किंवा जागा भरलीच नाही. नागपूरला सूर्य मुंबईपेक्षा साधारण २० ते ३० मिनिटं आधी मावळतो, तेवढा वेळ गेटवर अंधार. मुंबईतही नोव्हेंबरच्या अखेरीस सहाच्या सुमारास मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासातनंतर, म्हणून ज्यांनी सूर्यास्ताऐवजी सात वाजताचा फिक्स टायमर लावलाय त्यांची लाइट हिवाळ्यात उशिरा आणि उन्हाळ्यात उजेडात लागते. ती खराब नाहीये, तुम्ही सांगितलं तसंच करतेय.

पावसाळ्यात ढग दाटले की सूर्यास्ताच्या आधीच अंधारतं, त्यासाठी २०-३० मिनिटं आधीचा ऑफसेट द्या. उजेड मोजणारा सेन्सर लगेच घ्यायला धावू नका, त्याची वेगळी डोकेदुखी पुढे येतेच आहे.

## पायरी ५: नियम

इथे वेळ द्या. लाइट ॲपमधून बरोबर चालते आणि घड्याळही बरोबर आहे, तरी गडबड होते, तर दहादा बघा पण नियमच बघा.

५.१ एक लाइट, एक मालक. तीच लाइट कंपनीच्या ॲपमध्ये, ॲलेक्सात आणि गुगल होममध्ये जोडलेली असते आणि तिन्हीकडे कधी ना कधी टायमर लावलेला असतो. मग रात्री अकराला बंद केलेली लाइट सव्वाअकराला "आपोआप" लागते आणि घरात भुताची चर्चा सुरू होते. तिन्ही ॲप उघडून त्या लाइटचे सगळे टायमर, रुटीन, सीन शोधा. घरातल्या दुसऱ्या माणसाच्या अकाउंटवरही बघा, मुलाने त्याच्या फोनवर लावलेलं तुमच्या फोनवर दिसेलच असं नाही. सगळे नियम एकाच ठिकाणी ठेवा, बाकीची ॲप फक्त हाताने किंवा आवाजाने चालवायला. सुट्टीवर गेलात तेव्हा घरात कोणीतरी आहे असं दाखवणारा मोड चालू करून विसरला असाल तर तोही शोधा.

५.२ ट्रिगर वेगळा, अट वेगळी. ट्रिगर म्हणजे नियम कधी जागा होणार, अट म्हणजे जागा झाल्यावर पुढे जायचं की नाही. "सूर्यास्त झाला" हा ट्रिगर एका क्षणाचा असतो. त्या क्षणी वीज गेलेली असेल, राउटर रीस्टार्ट होत असेल, तर तो क्षण गेला, नियम उद्यापर्यंत झोपणार. वीज सव्वासातला आली तरी गेटची लाइट लागणार नाही. ज्या लाइटचं खरंच काम आहे, जिना, गेट, आजी-आजोबांची खोली, तिथे दुसरा ट्रिगर जोडा: हब सुरू झाला की, किंवा डिव्हाइस ऑनलाइन आलं की, आणि अट घाला की सूर्यास्त होऊन गेलाय. एवढी सोय ॲपमध्ये नसेल तर तोच नियम अर्ध्या-अर्ध्या तासाने दोन-तीनदा लावा. दिसायला गबाळं आहे पण चालतं.

५.३ मध्यरात्रीची कड. "रात्री ११ ते पहाटे ५" ही अट काही ॲपना कळते, काहींना नाही. होम असिस्टंटमध्ये "सूर्यास्तानंतर" ही सूर्याची अट मध्यरात्रीपर्यंतच खरी असते, बारानंतर ती खोटी होते, त्यामुळे बाथरूमची लाइट पावणेबाराला लागते आणि साडेबाराला लागत नाही. तिथे "सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयाआधी" असं दोन्ही घाला, किंवा सूर्य क्षितिजाखाली आहे का एवढंच विचारा. वारांचंही तसंच, "फक्त शनिवारी, रात्री १० ते २" असं लिहिलंत तर बारानंतर रविवार सुरू होतो हे लक्षात ठेवा.

५.४ "सगळ्या" की "कोणतीही एक". टुयावर (अनेक कंपन्यांच्या बल्बमागे असलेला एकच प्लॅटफॉर्म) चालणाऱ्या ॲपमध्ये वरती एक छोटी ओळ असते, सगळ्या अटी पूर्ण झाल्या तर की कोणतीही एक झाली तर. ती न बघता अटी वाढवत गेलं की दिवसाढवळ्या लाइट लागतात. सगळं एका नियमात कोंबण्यापेक्षा दोन नियम करा.

५.५ विझवायचा नियम. लागून लगेच विझते ही तक्रार असेल तर लावणारा नियम नाही, विझवणारा तपासा. हालचाल झाली की लाव, पाच मिनिटांनी विझव, असा सरळ नियम असेल तर पहिल्या हालचालीपासून पाच मिनिटं मोजून तो विझवतो, मधे तुम्ही दहादा हललात तरी. "पाच मिनिटं हालचाल नसेल तर विझव" असं पाहिजे. होम असिस्टंटमध्ये ऑटोमेशनचा मोड मुळात सिंगल असतो, म्हणजे एकदा चालू असताना दुसरी हालचाल झाली तर तो दुर्लक्ष करतो, हालचालीच्या लाइटला तो रीस्टार्ट करून ठेवा. आणि थांबून विझवायच्या मधल्या वेळात हब रीस्टार्ट झाला तर ते थांबणं हवेत विरतं, लाइट रात्रभर चालू. म्हणून पहाटे कधीतरी सगळं विझवणारा एक वेगळा नियम असू द्या.

५.६ इंटरनेट गेलं तर? राउटरला बाहेरून येणारी फायबरची किंवा इंटरनेटची वायर काढा, राउटर चालू ठेवा, आणि दोन मिनिटांवरचा टायमर लावून बघा. टायमर वायर काढायच्या आधी सेव्ह करायचा बरं का. लागली तर नियम घरातच, बल्बमध्ये किंवा हबमध्ये साठवलाय. नाही लागली तर तो कंपनीच्या सर्व्हरवरून चालतो आणि इंटरनेट गेलं की तोही गेला. हे एकदा कळलं की महत्त्वाच्या लाइट कुठे ठेवायच्या ते ठरवता येतं.

तपासा: ॲपमधला लॉग वाचा. जवळपास प्रत्येक ॲपमध्ये हिस्टरी कुठेतरी असते, होम असिस्टंटमध्ये ट्रेस असतो आणि तो कुठल्या अटीवर नियम अडला ते दाखवतो. ट्रेस शेवटचे पाचच राहतात, म्हणून गडबड झाली की लगेच बघा. लॉगमध्ये नियम चाललाच नाही तर ट्रिगरचा दोष, चालला पण लाइट लागली नाही तर परत पायरी २ आणि ३.

## पायरी ६: सेन्सर

साधा हालचालीचा सेन्सर, पीआयआर, माणसाला बघत नाही, अंगाची उष्णता एका बाजूकडून दुसरीकडे सरकली की ती पकडतो. त्यामुळे त्याच्याकडे सरळ चालत आलात तर उशिरा कळतं, आडवं गेलात की लगेच. पॅसेजच्या टोकाला दाराकडे तोंड करून लावलेला सेन्सर म्हणून उशीर करतो, बाजूच्या भिंतीवर लावा. काचेतून त्याला काही दिसत नाही.

विदर्भात मे महिन्यात हे सेन्सर सुस्त होतात अशी तक्रार येते, ती खरी आहे. खोलीचं तापमान अंगाच्या तापमानाजवळ गेलं की फरकच उरत नाही, सेन्सर पकडणार काय? कूलर लावलेल्या खोलीत हा त्रास कमी. सेन्सिटिव्हिटी वाढवा, हिवाळा आला की परत कमी करा.

शांत बसलेल्या माणसाला पीआयआर विसरतो, म्हणून देवघरात पोथी वाचताना किंवा अभ्यासाच्या टेबलावर अंधार होतो. तिथे वेळ वाढवा, किंवा एमएमवेव्हचा, म्हणजे रडारसारख्या लहरींनी माणूस ओळखणारा, प्रेझेन्स सेन्सर लावा. मात्र तो इतका तिखट की फिरणारा सीलिंग फॅन आणि हलणारा पडदाही त्याला माणूस वाटतो आणि लाइट विझतच नाही. आपल्याकडे पंखा तर कायम चालू. सेन्सरचं तोंड पंख्यापासून वळवा, ॲपमध्ये अंतराची मर्यादा कमी करा.

आता उजेडाच्या सेन्सरची ती डोकेदुखी. उजेड कमी झाला की लाइट लाव, जास्त झाला की विझव. लाइट लागली की उजेड वाढतो, म्हणून विझते, विझली की कमी होतो, म्हणून लागते, आणि बाल्कनीत डिस्को. लावायचा आकडा आणि विझवायचा आकडा यांत भरपूर अंतर ठेवा, किंवा विझवायचं काम सूर्योदयावर सोपवा. सेन्सरवर त्याच लाइटचा उजेड पडणार नाही अशी जागा मिळाली तर सगळ्यात उत्तम.

तपासा: बॅटरी. ॲपमध्ये टक्के दाखवतात त्यावर फार विसंबू नका, सेन्सर अधूनमधून झोपतो असं वाटलं की नवीन सेल टाकून बघा.

## पायरी ७: आवाज

"हॉल लाइट" नावाची लाइट, "हॉल" नावाची खोली आणि "हॉल लाइट्स" नावाचा ग्रुप असेल तर असिस्टंट गोंधळणारच. नावं एकमेकांपासून लांब ठेवा. असिस्टंट इंग्रजीवर ठेवून नाव देवनागरीत टाकलं तरी अडतं. "ओटा", "पडवी" अशी नावं त्याला नीट ऐकू येत नसतील तर ॲलेक्साच्या व्हॉइस हिस्टरीत त्याने काय ऐकलं ते बघा, आणि लाइटला त्याला कळेल असं दुसरं नाव द्या.

कंपनीच्या ॲपमध्ये नाव बदललं असेल किंवा पासवर्ड बदलला असेल तर असिस्टंटमधून डिव्हाइस परत शोधायला सांगा, गरज पडली तर स्किल (ॲलेक्साला कंपनीच्या अकाउंटशी जोडणारा दुवा) काढून परत जोडा. जुने, मेलेले डिव्हाइस यादीत पडून असतील तर ते उडवा, बऱ्याचदा तो त्या मेलेल्यालाच हाक मारत असतो.

## पायरी ८: रीसेट करायचाच असेल तर

इथपर्यंत येऊनही बल्ब ऑफलाइनच असेल, किंवा वादळानंतर लुकलुकत असेल, तर करा. पण ॲपमधून आधी उडवू नका. बल्ब जोडणीच्या मोडमध्ये टाका आणि त्याच अकाउंटमध्ये, त्याच घरात, नवीन असल्यासारखा जोडा. टुयावर चालणाऱ्या बऱ्याच ॲपमध्ये त्याची जुनी ओळख कायम राहते आणि नियम तुटत नाहीत. होम असिस्टंटवर झिगबीच्या डिव्हाइसचंही तसंच, न काढता परत जोडलं की नाव आणि ऑटोमेशन जागेवर.

उडवावंच लागलं तर आधी त्या लाइटच्या प्रत्येक नियमाचा स्क्रीनशॉट घ्या. परत जोडताना नाव जसंच्या तसं. फोन २.४ वर, ब्लूटूथ आणि लोकेशन चालू, मोबाइल डेटा थोडा वेळ बंद, आणि बल्ब शक्यतो राउटरच्या जवळच्या होल्डरमध्ये लावून जोडा, नंतर त्याच्या जागी न्या. झिगबीचा मात्र जिथे लावायचाय तिथेच जोडा, म्हणजे तो जवळचा रस्ता पकडतो.

सावधान: हब रीसेट करू नका. एका बल्बसाठी हब रीसेट केला तर घरातलं सगळं पहिल्यापासून.

जोडून झालं की मेन बंद करून पाच मिनिटं थांबा आणि चालू करा, संध्याकाळी सूर्यास्ताच्या आसपास केलंत तर आणखी बरं. कुठली लाइट परत आली, कुठली लुकलुकतेय, कुठली उगाच लागली ते त्याच कागदावर लिहा. सगळ्या जागेवर आल्या तर ठीक, एखादी हटून बसली तर तिच्यापुरतं पायरी २ पासून परत.